लेक्सस एलसी ५०० : २० इंची की २१ इंची चाकं, आणि क्रोम ठेवायचं की काळं करायचं?

तिसरा_गिअर (एडिसन, न्यू जर्सी)

मंडळी, वापरलेली लेक्सस एलसी ५०० कूपे घ्यायचं ठरतंय, २०१८ ते २०२० मधली. इंजिनाबद्दल काही विचारायचं नाही. ५ लिटरचं व्ही८, टर्बोशिवाय, ४७१ अश्वशक्ती, तिथे माझं समाधान आहे. प्रश्न सगळा दिसण्याचा आहे.

दोन गाड्या नजरेत आहेत. पहिली अ‍ॅटॉमिक सिल्व्हर रंगाची, २० इंची चाकं आणि काचेचं छत. दुसरी इन्फ्रारेड लाल, परफॉर्मन्स पॅकेजवाली. म्हणजे २१ इंची फोर्ज्ड चाकं, कार्बनचं छत आणि वेग घेतला की वर येणारा स्पॉयलर. लाल गाडीच्या आधीच्या मालकाने छताकडेची क्रोमची पट्टी काळ्या रॅपने (चिकटणाऱ्या फिल्मने) झाकली आहे आणि ग्रिलवरचा ‘एल’, म्हणजे लेक्ससचं चिन्हही काळं केलं आहे.

तर विचारायचं ते असं. फोटोत नाक फार मोठं वाटतं, प्रत्यक्षात तसं आहे का? चाकं कुठली शोभतात? काळं केलेलं तसंच ठेवावं की काढावं? आणि बीएमडब्ल्यूची ८ सिरीजमधली एम८५०आय शेजारी उभी केली तर रेषांच्या बाबतीत कोण सरस? सविस्तर लिहा, घाई नाही.

रेषा_आणि_कडा

फोटोपासून सुरुवात करतो, कारण या गाडीवर सर्वांत जास्त अन्याय मोबाइलच्या कॅमेऱ्याने केला आहे. फोनची नेहमीची लेन्स वाइड असते. दोन मीटरवर उभं राहून पुढून फोटो काढला की ग्रिल फुगतं आणि मागचे रुंद फेंडर आक्रसतात. सहा ते आठ मीटर मागे जा, दोन किंवा तीन पट झूम घ्या, फोन हेडलाइटच्या उंचीला धरा आणि गाडीच्या कोपऱ्यापासून तिरका फोटो काढा. नाक जागेवर येतं आणि मागच्या चाकावरचा फुगवटा दिसायला लागतो. विक्रेत्याकडूनही असेच फोटो मागवा.

आता मूळ मुद्दा. एलसीचं सौंदर्य ग्रिलमध्ये नाही, प्रमाणात आहे, आणि ते प्रमाण इंजिनिअरांकडून भांडून मिळवलेलं आहे. जानेवारी २०१२ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात एलएफ-एलसी ही संकल्पना-गाडी मांडली गेली. टोयोटाच्या कॅलिफोर्नियातल्या कॅल्टी स्टुडिओचं ते काम. ती विक्रीसाठी काढायची नव्हतीच. लोकांनी उचलून धरली तेव्हा मुख्य अभियंता कोजी साटो आणि मुख्य डिझाइनर तादाओ मोरी यांच्या चमूपुढे खरी अडचण उभी राहिली : एवढं खाली बॉनेट आणि एवढी मोठी चाकं असताना पुढचं सस्पेन्शन बसवायचं कुठे? त्यांनी वर-खाली दोन्हीकडे दुहेरी बॉल जॉइंट असलेली मल्टिलिंक (अनेक दांड्यांनी चाक धरणारी) मांडणी नव्याने केली, म्हणून बॉनेट खाली राहिलं. हेडलाइटसाठी तीन एलईडी प्रोजेक्टर एका छोट्या, कमी खोलीच्या खोक्यात बसवले, म्हणून चाकापुढचं नाक आखूड राहिलं. जानेवारी २०१६ मध्ये त्याच डेट्रॉइटला तयार गाडी आली तेव्हा संकल्पनेतली रेष जवळपास शाबूत होती. असं फार क्वचित होतं.

आकडे बघा. लांबी सुमारे ४,७६० मि.मी., दोन चाकांमधलं अंतर २,८७०. म्हणजे चाकांच्या बाहेर पुढेमागे मिळून फक्त १,८९० मि.मी. एम८५०आयची लांबी ४,८५१ आणि चाकांमधलं अंतर २,८२२, म्हणजे बाहेरचा भाग २,०२९. जवळजवळ १४ सें.मी.चा फरक. चाकं कोपऱ्यात गेलेली दिसतात ती याच्यामुळे. शिवाय एलसीच्या टायरचा व्यास सुमारे ७२८ मि.मी. आणि गाडीची उंची १,३४५, म्हणजे चाक उंचीच्या निम्म्याहून मोठं. गाडी उभी असतानाही ताणलेली वाटते ते इथून येतं.

बीएमडब्ल्यूबद्दल माझं मत सरळ आहे. ८ सिरीजची संकल्पना २०१७ मध्ये दाखवली तेव्हा ती अतिशय देखणी होती, पण २०१८ ला विक्रीची गाडी आली तेव्हा पृष्ठभागावर घड्या वाढल्या आणि बाजू जाड झाली. गाडी वाईट नाही, लांबच्या प्रवासाला भारदस्त दिसते. पण लेक्ससने जे राखलं ते तिथे हातचं सुटलं.

रॅप_आणि_पॉलिश

लाल गाडीचं काळं केलेलं काढा. दोन्ही ठिकाणचं, आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

आधी छताची पट्टी. ती पुढच्या काचेच्या खांबापासून निघून दारावरून मागे जाते, आणि मागच्या खांबावर चकचकीत काळा तुकडा आहे तिथे संपते. जपानी तलवारीच्या वाकाची कल्पना त्यामागे आहे. ती चमकती रेष आणि मागचा काळा तुकडा मिळून छत तरंगल्यासारखं दिसतं. पट्टी काळी केली की काच, पट्टी आणि खांब एकच काळा ठोकळा होतो; छत बसतं आणि मागचा फेंडर गरजेपेक्षा जड दिसायला लागतो. काळ्या क्रोमची फॅशन ज्या गाड्यांवर चालते त्यांच्या काचेभोवतीची पट्टी निव्वळ चौकट असते. इथे ती चौकट नाही, मुख्य रेष आहे.

काढताना हीट गन लांबून फिरवत पट्टी गरम करा, साधारण ५० ते ६० अंश. टोकाकडून सुरुवात करा आणि रॅप पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवून सावकाश ओढा. सरळ वर उपसलं की गोंद मागे राहतो. राहिलाच तर संत्र्याच्या तेलाचं ग्लू रिमूव्हर लावून पाच मिनिटं थांबा आणि मायक्रोफायबरने पुसा. ब्लेड अजिबात नको. मुळात रॅप लावताना कुणी पट्टीवरच चाकू चालवून कापलं असेल, तर क्रोमवर केसाएवढा चरा राहतो. त्यात पाणी शिरतं आणि काही वर्षांनी कडेला पापुद्रा सुटतो. गाडी बघायला जाल तेव्हा रॅपच्या कडेवर नख फिरवा. खाच लागली तर पट्टी बदलायचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.

आता ‘एल’. ही निव्वळ शोभा नाही. त्या सपाट, काचेसारख्या झाकणामागे क्रूझ कंट्रोल आणि टक्कर-इशाऱ्याचा रडार बसलेला आहे. रडारच्या लहरी प्लॅस्टिकच्या ठरावीक जाडीतून जातील असा हिशेब केलेला असतो. वर रबरी स्प्रे, धातूचे कण असलेला रंग किंवा जाड स्टिकर चढला की लहरी अडतात किंवा वाकतात. मग कधी इशाऱ्याचा दिवा लागतो, तर कधी दिवा न लागता अंतर चुकीचं मोजलं जातं, आणि हे दुसरं जास्त वाईट. रबरी स्प्रे असेल तर कडेला अंगठ्याने घासून सोलून निघतो. खरा रंग मारलेला असेल तर थिनर लावू नका, झाकण धुरकट होतं, झाकणच बदला. नंतर लेक्ससच्या वर्कशॉपमध्ये रडारची दिशा तपासून घ्या. त्यासाठी गाडीपुढे ठरावीक अंतरावर फलक उभा करून मोजमाप करतात.

मागच्या दिव्यांना धुरकट फिल्म लावायचा मोह कुणी घालेल, त्याचं ऐकू नका. आत अर्धपारदर्शक आरसा आहे, त्यामुळे दिवा लागला की ‘एल’ आकाराच्या रेषा एकामागे एक आत खोल गेल्यासारख्या दिसतात. रात्री तीन-चार मीटरवरून एकदा बघा. संपूर्ण गाडीवरचं सर्वांत नाजूक काम तेच आहे आणि फिल्म ते पुसून टाकते. ब्रेकचा उजेड कमी होतो तो वेगळाच.

टायर_गणित

चाकांबद्दल. २० इंचीला पुढे २४५/४५ आणि मागे २७५/४० (पहिला आकडा टायरची रुंदी मि.मी.त, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत). २१ इंचीला पुढे २४५/४० आणि मागे २७५/३५. बाहेरचा व्यास दोन्हीत जवळजवळ तोच, बदलतो तो रबराचा आणि रिमचा वाटा. पुढच्या टायरची भिंत ११० मि.मी. वरून ९८ वर येते, मागची ११० वरून ९६ वर. त्या १२-१४ मि.मी.त सगळं शोभेचं गणित आहे. २१ इंची दिसायला निःसंशय चांगली, कारण एलसीच्या चाकाची कमान मोठी आहे आणि २० इंचीभोवती रबराचं काळं कडं थोडं जाड पडतं.

पण न्यू जर्सीचा मार्च महिना लक्षात घ्या. बर्फ वितळल्यावरचे खड्डे, त्यात रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर. रनफ्लॅटची भिंत आधीच ताठ, त्यामुळे धक्का टायर खात नाही, रिमला जातो. लाल गाडी बघताना चारही चाकं लिफ्टवर फिरवून आतली कड बघा. वाक येतो तो आतल्या बाजूला, बाहेरून कळत नाही. रोड-फोर्स बॅलन्सिंग (टायरवर रोलर दाबून केलेलं) करून मागा, साध्या बॅलन्सिंगमध्ये थोडी वाकलेली रिम निसटते. साधे टायर घालायचे असतील तर डिक्कीत पंप आणि सीलंट ठेवा, या गाडीत स्टेपनी नाही.

चाकं थोडी बाहेर आणायला स्पेसर (चाक आणि हबच्या मधे बसणारी चकती) विचारात असतील तर हबवर घट्ट बसणारेच घ्या. नट किमान १४ मि.मी. तरी आट्यांवर चढला पाहिजे. पातळ स्पेसरने तेवढी लांबी उरत नसेल तर लांब स्टड लागतात. टॉर्क रेंचने घट्ट करा आणि ८०-१०० कि.मी. चालल्यावर पुन्हा तपासा. गाडी खाली बसवण्याच्या मात्र मी विरोधात आहे. २० मि.मी. खाली आणली की मागच्या चाकाचा कॅम्बर ऋण होतो, म्हणजे चाक वरून आत झुकतं, आणि टायर आतून झिजतो. परफॉर्मन्स पॅकेजमध्ये मागची चाकंही वळतात, तिथे अलाइनमेंट नीट समजणारा माणूस मिळणं आधीच अवघड. कंपनीने ठेवलेली उंची ठीक आहे.

कोथरूड_कूपे (पुणे)

वर सगळ्यांनी नाकाला माफ केलं, मी करणार नाही. प्रमाण उत्तम, मान्य. पण स्पिंडल ग्रिलचा, म्हणजे मधे कंबरेसारख्या आवळलेल्या या ग्रिलचा, खालचा भाग इतका रुंद पसरतो की अगदी समोरून बघताना गाडीला बॉनेट आहे हेच विसरायला होतं. जाळीचा आकार वरून खाली हळूहळू बदलत नेला आहे ती कारागिरी सुंदर, पण ती दोन मीटरच्या आतच दिसते. दहा मीटरवरून उरतं ते फक्त तोंड. माझ्या मते ही गाडी मागून तीन-चतुर्थांश कोनातूनच बघावी. तिथे तिच्या जवळपासही कुणी नाही.

भारतात एलसी ५००एच, म्हणजे व्ही६ हायब्रिड, २०२० च्या जानेवारीत आली. इथे पुढची नंबरप्लेट ५०० × १२० मि.मी.ची आणि न उघडणाऱ्या कुलपाची, ती ग्रिलवर आडवी बसली की स्पिंडलची कंबरच झाकते. न्यू जर्सीतही पुढची प्लेट सक्तीची आहे ना? मग बंपरला पाडलेली भोकं बघून घ्या. नसतील तर पाडू नका, टो-हुकच्या आट्यात बसणारी पट्टी मिळते. प्लेट बाजूला गेली की ग्रिलची मधली रेष मोकळी राहते.

तिसरा_गिअर

मनापासून आभार. लाल गाडीकडे कल झुकलाय. इन्फ्रारेड रंगात काय बघू?

रॅप_आणि_पॉलिश

इन्फ्रारेड अनेक थरांचा रंग आहे, त्यातला एक थर पारदर्शक लाल. म्हणून उन्हात तो आतून पेटल्यासारखा दिसतो, आणि म्हणूनच दुरुस्ती अवघड. पारदर्शक थर थोडा जाड बसला की तो भाग गडद होतो, पातळ बसला की नारिंगी. चांगला रंगारी एकच फेंडर रंगवत नाही, शेजारच्या दारापर्यंत रंग विरवत नेतो.

तपासणी ढगाळ दिवशी उघड्यावर करा. शोरूमच्या पिवळ्या दिव्याखाली सगळं एकसारखं दिसतं. बंपर आणि फेंडर जिथे मिळतात तिथे ४५ अंशांतून बघा, मग जमिनीलगत बसून. समोरून जुळणारा रंग तिरका बघितल्यावर फुटतो. जाडी मोजायचं गेज नेणार असाल तर अ‍ॅल्युमिनियमवर चालणारं न्या. बॉनेट आणि पुढचे फेंडर अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, फक्त लोखंडावर चालणारं साधं गेज तिथे काहीच दाखवणार नाही, आणि कार्बनच्या छतावर दोन्ही निरुपयोगी. एकाच फेंडरवर पाच ठिकाणी आकडे घ्या. आकडा किती यापेक्षा पाचही जवळपास आहेत का ते बघा.

गाडी घेतली तर त्याच आठवड्यात संपूर्ण पुढचा भाग, आरसे आणि मागच्या चाकापुढचा फुगवटा पीपीएफखाली (रंग वाचवणाऱ्या पारदर्शक फिल्मखाली) घ्या. तो फुगवटा लोक विसरतात, आणि पुढच्या चाकाने उडवलेली खडी थेट तिथेच बसते.