सोसायटी ग्रुप, मुलुंड पूर्व : ईशाचा कॉम्प्युटर चालू होत नाहीये

रविवार, सकाळी ८:४०

सावंत वहिनी (बी-५०३): कुणाला राग आला तरी चालेल, पण विचारतेच. काल मीटर रूममध्ये काम झालं, दुपारी लाइट आली आणि तेव्हापासून ईशाचा कॉम्प्युटर बंद. उद्या तिचं सबमिशन आहे. परब भाऊ, काल खाली नक्की काय केलं?

परब, सेक्रेटरी: वहिनी, बी विंगचा मेन स्विच बदलला. शुक्रवारी नोटीस लावली होती. वायरमन लायसन्सवाला आहे. त्याचा कॉम्प्युटरशी काय संबंध?

सावंत वहिनी (बी-५०३): नोटीस लिफ्टमध्ये लावली होती आणि लिफ्ट गुरुवारपासून बंद आहे. वाचायची कुणी?

गोखले आजोबा (ए-१०३): रॅम काढून खोडरबराने पुसून परत बसवावी. आमच्या बँकेत हाच उपाय करत. 🙏

राणे (बी-२०१): लिफ्टचा विषय निघालाच आहे तर विचारतो, ती कधी चालू होणार? आईला गुडघ्याचा त्रास आहे.

परब, सेक्रेटरी: राणे साहेब, एका वेळी एक विषय.

राणे (बी-२०१): एका वेळी एक म्हणता म्हणता माझा विषय कधीच येत नाही.

आदित्य (ए-२०४): ईशा, चालू होत नाही म्हणजे नेमकं काय होतंय? बटण दाबल्यावर पंखे फिरतात का? क्षणभर हलून थांबतात का? की काहीच नाही? तिन्हींचे आजार वेगळे आहेत.

ईशा (बी-५०३): काहीच नाही दादा. पंखा हलतसुद्धा नाही. एरवी कॉम्प्युटर बंद असला तरी मदरबोर्डवर एक बारीक दिवा लागलेला असतो, तोही गेलाय. मागचं एसएमपीएसचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचं, बटण चालूच आहे. केबल बदलून पाहिली, मॉनिटरची लावली. मॉनिटर त्याच सॉकेटवर, त्याच केबलवर चालतो.

शिर्के (बी-६०१): असेंबल केलेल्या कॉम्प्युटरचं हे असंच असतं. सावंत, पोरीला एक चांगला लॅपटॉप घेऊन द्यायचा होता.

सावंत (बी-५०३): शिर्के, तुमचा सल्ला मागितला नव्हता.

ईशा (बी-५०३): काका, लॅपटॉपवर माझं थ्री-डी मॉडेल रेंडर व्हायला रात्र जायची. यातला एकेक पार्ट मी बघून, भाव करून आणलाय. लॅपटॉप बिघडला असता तर अख्खा सर्व्हिस सेंटरला गेला असता. यात जो भाग गेला तेवढाच बदलता येतो. म्हणूनच घरी बांधला.

कुलकर्णी मावशी (ए-३०२): शाब्बास ग बाळा.

गोखले आजोबा (ए-१०३): रॅम काढून खोडरबराने पुसून परत बसवावी. 🙏

आदित्य (ए-२०४): आजोबा, रॅम खराब असली की पंखे फिरतात पण स्क्रीन काळी राहते. इथे बोर्डपर्यंत वीजच पोचत नाहीये. मशीन बंद असतानाही एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्ट देत असतो, तो बारीक दिवा त्यावर लागतो. दिवा गेला म्हणजे आधी एसएमपीएसवर संशय घ्यायचा. रॅमला, प्रोसेसरला आत्ता हात लावायचं कारण नाही.

सावंत (बी-५०३): पण तिचं काम गेलं का रे? ती रात्रभर रडलीय.

आदित्य (ए-२०४): नाही काका. फाइल्स एसएसडीवर, म्हणजे साठवणुकीच्या ड्राइव्हवर आहेत. ईशा, एसएसडी एम-डॉट-टू वाली, म्हणजे छोट्या पट्टीसारखी असेल तर माझ्याकडे तिचा यूएसबी डबा आहे. कॉम्प्युटर नाहीच चालू झाला तर त्यात घालून माझ्या लॅपटॉपवर सबमिशनचा फोल्डर काढून घेऊ. सबमिशन अडणार नाही.

ईशा (बी-५०३): थँक्यू दादा 🙏 पण शेवटचे दोन रेंडर बाकी आहेत, ते तुझ्या लॅपटॉपवर होणार नाहीत.

तावडे (ए-४०१): मशीनपुढे नारळ फोडा. श्रावण चालू आहे, लगेच प्रसन्न होईल.

कुलकर्णी मावशी (ए-३०२): फोडलात तर खोबरं इकडे पाठवा, नारळीभात करते.

परब, सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर विषयाला धरून बोला.

तावडे (ए-४०१): मग तुमच्या जावयाच्या गाडीवर बोलू का? काल परत माझ्या जागेवर होती.

परब, सेक्रेटरी: ते मला पर्सनलवर सांगा.

सकाळी ९:३५

ईशा (बी-५०३): एसएमपीएस एकटा चालू होतो का ते बघायला जेम क्लिपची टेस्ट केली. २४ पिनांचा कनेक्टर बोर्डातून काढला. वायरी सगळ्या काळ्या आहेत म्हणून बोर्डाच्या पुस्तिकेत बघून १६ आणि १७ नंबरची पिन क्लिपने जोडली. चालू नाही झाला.

आदित्य (ए-२०४): काही एसएमपीएसचा पंखा कमी लोडला फिरतच नाही. नुसता पंखा बघून ठरवू नकोस.

ईशा (बी-५०३): माहीत होतं, म्हणून जुनी हार्ड डिस्क जोडली होती. तीही फिरली नाही. आणि मागच्या जाळीतून जळका वास येतोय.

आदित्य (ए-२०४): मग एसएमपीएसच गेला. तेवढाच गेला असेल तर नशीब समज.

सावंत (बी-५०३): मी उघडून बघू का? आत फ्यूज असेल तर बदलतो. सोल्डरिंग गन आहे घरी.

नेने काका (बी-४०४): सावंत, अजिबात उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. नोकरीत असताना असे झटके खाल्लेली माणसं मी पाहिली आहेत. आणि फ्यूज उगाच जात नाही. तो कशाने गेला हे कळेपर्यंत नवा घालण्यात अर्थ नाही.

गोखले आजोबा (ए-१०३): रॅम काढून खोडरबराने पुसून परत बसवावी.

शिर्के (बी-६०१): आता ज्याला त्याला इंजिनियर व्हायचंय.

सावंत वहिनी (बी-५०३): आज रविवार. लॅमिंग्टन रोडची कॉम्प्युटरची दुकानं बंद आणि सेंट्रलला मेगाब्लॉक. नवीन आणायचा कुठून? म्हणून विचारतेय परब भाऊ, काल खाली काय केलं? अजून उत्तर नाही.

परब, सेक्रेटरी: वहिनी, उत्तर दिलं आहे. मेन स्विच बदलला.

आदित्य (ए-२०४): माझ्याकडे जुना ५५० वॉटचा एसएमपीएस आहे, चालू स्थितीतला. ईशाच्या ग्राफिक्स कार्डाला एका दिवसापुरता पुरेल. घेऊन येतो.

सावंत (बी-५०३): देवासारखा धावलास रे. हिने केबल आतून नीट बांधल्यात, त्या तशाच ठेवून फक्त डबा बदलू म्हणजे पटकन होईल.

आदित्य (ए-२०४): नको काका!! केबल माझ्याच लावायच्या. एसएमपीएसच्या बाजूचा प्लग सारखा दिसतो, पण आतली जोडणी कंपनीगणिक बदलते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्ड डिस्क तिथेच संपते.

ईशा (बी-५०३): बाबा, मी सगळ्या केबल काढतेय. तुम्ही फक्त टॉर्च धरा.

नेने काका (बी-४०४): आदित्य, तुझा एसएमपीएस लावायच्या आधी मला सॉकेट मोजू दे. पाचव्या मजल्यावर चढायला वेळ लागेल, पण येतो. तोपर्यंत कुणी काही लावू नका.

परब, सेक्रेटरी: नेने साहेब, कशाला उगाच लोकांना घाबरवताय.

राणे (बी-२०१): काल संध्याकाळी आमच्या राऊटरचा अडॅप्टर पण गेला. मी समजलो जुना झाला.

मोरे (बी-३०४): आमचा हॉलचा पंखा कालपासून तीनवर ठेवला तरी पाचवर असल्यासारखा पळतोय.

शिर्के (बी-६०१): आमच्याकडे उलट आहे. एसी लावला की दिवे मंद होतात. पण त्याचा याच्याशी काय संबंध?

सकाळी १०:२०

नेने काका (बी-४०४): सगळे लक्ष द्या. सावंतांकडे २७४ व्होल्ट आहेत, माझ्या घरी २११. दोन्हीकडे २३० च्या आसपास हवेत. सावंतांकडे न्यूट्रल (वीज परत जाणारी वायर) आणि अर्थिंगमध्ये ४४ व्होल्ट दिसतात, एक-दोन दिसले असते तर मी बोललो नसतो. बी विंगची न्यूट्रल ढिली आहे.

नेने काका (बी-४०४): शिर्के, संबंध सांगतो. बिल्डिंगला तीन फेज येतात आणि घरं त्यांच्यावर वाटलेली असतात. न्यूट्रल घट्ट असली की प्रत्येक घराला २३० मिळतात. ती ढिली झाली की ज्या फेजवर लोड कमी तिथलं व्होल्टेज चढतं आणि जिथे लोड जास्त तिथलं पडतं. पूर्ण सुटली तर काही घरांत ३५० च्या पुढेही जाऊ शकतं. म्हणून मोऱ्यांचा पंखा पळतो आणि तुमचे दिवे मंद होतात. पोरीचा एसएमपीएस त्यातच गेला. असेंबल केलेला होता म्हणून नव्हे.

नेने काका (बी-४०४): बी विंगने आपापला मेन एमसीबी आत्ता खाली करा. सगळा. फ्रिजसुद्धा.

कुलकर्णी मावशी (ए-३०२): बी विंगवाल्यांनी दूध, औषधं आमच्या फ्रिजमध्ये आणून ठेवा. राणे, आईंचं इन्सुलिन आधी आणा.

राणे (बी-२०१): आणतो मावशी. खूप उपकार.

परब, सेक्रेटरी: मी वायरमनला फोन लावतोय. पण त्याचीच चूक आहे असं आत्ताच ग्रुपवर लिहू नये ही विनंती.

सावंत वहिनी (बी-५०३): चुकीचं नंतर बघू. तो येतोय का ते सांगा.

नेने काका (बी-४०४): परब, वीज कंपनीतही तक्रार नोंदवा. सील असलेल्या भागाला आपल्या वायरमनने हात लावायचा नाही. आणि मीटर रूमची किल्ली?

परब, सेक्रेटरी: किल्ली खजिनदारांकडे आहे. ते ठाण्याला लग्नाला गेलेत.

मोरे (बी-३०४): मागच्या पावसाळ्यात मीटर रूममध्ये पाणी शिरलं तेव्हाच म्हटलं होतं, एक किल्ली वॉचमनकडे ठेवा. मिनिट्स काढून बघा.

गोखले आजोबा (ए-१०३): रॅम काढून खोडरबराने पुसून

आदित्य (ए-२०४): आजोबा, आज संध्याकाळी तुमचा कॉम्प्युटर मी स्वतः खोडरबराने पुसून देतो. नक्की.

गोखले आजोबा (ए-१०३): ये. चहा घेऊनच जा. आमचाही चालू होत नाहीये.

दुपारी २:१०

परब, सेक्रेटरी: वायरमन आणि वीज कंपनीचा माणूस दोघे येऊन गेले. नव्या मेन स्विचला न्यूट्रलचा स्क्रू नीट आवळलेला नव्हता, वायरचं टोक काळं पडलं होतं. टोक कापून नवीन थिंबल (वायरच्या टोकाला लावायचा धातूचा तुकडा) घालून घट्ट केलं.

नेने काका (बी-४०४): मी समोर उभा होतो. तिन्ही फेज मोजले : २३२, २३१, २३३. एमसीबी वर करा. आधी दिवे-पंखे लावा, फ्रिज थोड्या वेळाने.

दुपारी ३:०५

ईशा (बी-५०३): चालू झालाऽऽऽ!! दादाचा एसएमपीएस, दादाच्याच केबल. २४ पिनांचा, प्रोसेसरचा ८ पिनांचा, ग्राफिक्स कार्डाचा, सगळे टक् आवाज येईपर्यंत बसवले. आधी बोर्डाचा दिवा लागला, मग पंखे, मग स्क्रीन. सगळ्या फाइल्स आहेत. रेंडर लावलाय.

सावंत वहिनी (बी-५०३): आदित्य, नेने काका, काय बोलू. रात्री जेवायला या दोघं. 🙏🙏

शिर्के (बी-६०१): अभिनंदन ईशा. आमचा फ्रिज वाचला तो तुझ्यामुळेच.

आदित्य (ए-२०४): उद्या सबमिशन झालं की जुना एसएमपीएस आणि बिल घेऊन दुकानात जा. जास्त व्होल्टेजने गेलेला वॉरंटीत धरतात का ते आधी विचार. नाही धरला तर नवीन घेताना माझ्याशी बोल, स्वस्तातला घेऊ नकोस.

सावंत (बी-५०३): वॉरंटीत नाही बसला तर पैसे सोसायटीने द्यावेत. वायरमन सोसायटीने आणला होता.

परब, सेक्रेटरी: कमिटीसमोर ठेवतो. ज्यांचं नुकसान झालं त्यांनी वस्तू, फ्लॅट नंबर आणि बिल असा अर्ज द्यावा. वायरमनचं बिल तोपर्यंत थांबवलं आहे. किल्लीची दुसरी प्रत उद्या करून वॉचमनकडे देतो.

राणे (बी-२०१): माझा अडॅप्टर लिहून घ्या. बिल नाही.

परब, सेक्रेटरी: बिलाशिवाय कसं घेणार राणे साहेब.

राणे (बी-२०१): मेंटेनन्स घेताना माझ्याकडे कधी पुरावा मागितलात? लिहा : राऊटरचा अडॅप्टर, बी-२०१.

मोरे (बी-३०४): लिहा हो परब. मी साक्षीदार, त्यांचा मुलगा काल रात्रीपासून आमच्या वायफायवर आहे.

परब, सेक्रेटरी: लिहिलं.