मदत हवी आहे: ३३३६६७ ही मूळ संख्या असल्याचे नववीच्या मुलांना कसे पटवून द्यावे?

नमस्कार. मी डहाणू तालुक्यातील समुद्रकाठच्या एका शाळेत नववीला गणित शिकवते. संख्यांत आयुष्यभर रमलेल्या द. रा. कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूतच झाला, म्हणून १२१, १२३२१ अशा चढत्या-उतरत्या अंकांच्या त्यांच्या डेम्लो संख्यांवर मी मुद्दाम एक तास घेतला. त्या वेळी एका मुलीने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर १११११११११ चा वर्ग हाताने केला. नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रकान्यांतले एक मोजत गेले की कुठेही हातचा न येता १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या उतरते. १ हा अंक दहा वेळा घेतला, तर मधल्या रकान्यात बेरीज दहा होते, हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर येऊन तो सुरेख चढउतार मोडतो, हेही तिने आपणहून शोधले.

मग आम्ही अवयव पाडले. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, म्हणून तिच्या वर्गाला ४५ विभाजक आहेत, असे मी सांगताच तिने विचारले, "बाई, ३३३६६७ आणखी फुटत नाही कशावरून?" प्रश्न रास्त होता, कारण ४५ हा आकडा त्यावरच उभा आहे.

या संख्येचे वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे आहे. सरळ जायचे तर १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. मला माहीत असलेली जवळची वाट अशी: ३३३६६७ ला २९९७ ने गुणले की ९९९९९९९९९ मिळतात, त्यामुळे तिचा कोणताही मूळ अवयव प घेतला, तर १/प च्या दशांश रूपातील आवर्तन (पुन्हा पुन्हा येणारा अंकांचा गट) ९ च्या विभाजकाएवढे, म्हणजे १, ३ किंवा ९ अंकांचेच असणार. एक किंवा तीन अंकी आवर्तन फक्त ३ आणि ३७ यांचे असते. अंकांची बेरीज २८ असल्याने ३ बाद होतो. ३३३६६६ ला ३७ ने पूर्ण भाग जातो, म्हणून ३७ ने भागल्यावर बाकी १ उरते आणि तोही बाद. उरले नऊ अंकी आवर्तन. आवर्तनाची लांबी प−१ ला निःशेष भागते, आणि प विषम असल्याने प ला १८ ने भागून बाकी १ च यायला हवी. अशा मूळ संख्या १९, ७३, १०९, १२७ पासून ५७७ पर्यंत, ३७ वगळून, केवळ सोळा आहेत.

अडचण "लांबी प−१ ला भागते" या एका वाक्याची आहे. ते ज्यावरून निघते तो फर्माचा छोटा सिद्धांत मुलांना ठाऊक नाही, आणि "मी सांगते म्हणून माना" असे म्हणणे मला पटत नाही. १३ ने भागताना येणाऱ्या बाक्या, प्रत्येक बाकीला १० ने गुणून पुन्हा १३ ने भागले की पुढची बाकी अशा क्रमाने, मी फळ्यावर दोन वर्तुळांत मांडून दाखवल्या: १, १०, ९, १२, ३, ४ आणि २, ७, ५, ११, ६, ८. बारा बाक्यांची सहा-सहाची दोन वर्तुळे मुलांना लगेच दिसली. परंतु २ आणि ५ सोडून कोणतीही मूळ संख्या घेतली तरी सगळी वर्तुळे सारख्याच लांबीची का होतात, हे बीजगणिताचा भार न वाढवता कसे समजवावे? जाणकारांनी कृपया सुचवावे. शनिवारी सोळा भागाकार मुलांत वाटून देणार आहे, आणि त्याआधी एवढा दुवा मला त्यांच्या हाती द्यायचा आहे.