रुग्णाला आजार न सांगणं: कांट, बेंथम, अ‍ॅरिस्टॉटल आणि आमची आत्या

सांजवात

माझी आत्या दीड वर्षापूर्वी गेली. स्वादुपिंडाचा कॅन्सर, कळला तेव्हाच यकृतात पसरलेला. घरातल्या मोठ्यांनी ठरवलं की तिला सांगायचं नाही. "पोटात सूज आहे, औषधानं उतरेल," एवढंच तिच्या कानावर. त्या ठरवण्यात मीही होते. रिपोर्टची फाइल शेजारच्या काकूंकडे ठेवायची, गोळ्या पाकिटातून काढून साध्या डबीत भरायच्या, डॉक्टरांच्या केबिनमध्ये तिच्याआधी शिरून त्यांना सांगून ठेवायचं, ही सगळी कामं माझी. पाच महिने.

ती गेल्यावर स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उतरवलं. दर रविवारच्या चौकोनात पेन्सिलीनं एक आकडा. ५१, ४९, ४८, ४५. तिचं वजन. दळण न्यायच्या निमित्तानं गिरणीतल्या काट्यावर उभी राहून यायची. आणि सप्टेंबरच्या पानावर, गौरी येतात त्या दिवशी, बारीक अक्षरात, "मुखवटे धाकटीकडे द्यायचे." तिला सगळं कळलेलं होतं. आम्हाला त्रास नको म्हणून ती बरं वाटत असल्याचं दाखवत होती. भरल्या घरात पाच महिने एकटी.

त्यानंतर नीतिशास्त्रावरचं हाती लागेल ते वाचत गेले. आमच्या घरात जे बोललं गेलं ते परिणामवादाचं बोलणं होतं. "सांगून काय मिळणार? उरलेले दिवस तरी सुखात जाऊ देत." इंग्लिश तत्त्वज्ञ बेंथमनं १७८९ मध्ये हेच मांडलं, की कृती सुख किती देते आणि दुःख किती, यावर तिचा बरेवाईटपणा. सुख मोजायला त्यानं तीव्रता, मुदत, खात्री असे सात निकषही दिले. माझा आक्षेप असा आहे की आमच्या हिशेबात आत्याचं सुख आत्याला न विचारता मांडलेलं होतं. आणि विचारणं शक्यच नव्हतं, कारण विचारायला गेलो तर लपवलेलं उघडं पडणार. ज्या माणसाच्या सुखासाठी खोटं बोलायचं, त्याला कशात सुख आहे हे कळायची वाटच ते खोटं बंद करतं.

जर्मन तत्त्वज्ञ कांट मला इथे जवळचा वाटतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, हे त्यानं १७८५ मध्ये लिहिलं. आम्ही तिला आमची रडारड टाळण्याचं साधन केलं, असं मला आज वाटतं. सांगायला हवं होतं, हे माझं मत. विरुद्ध मत असलेल्यांनी जरूर लिहा.

सिस्टर_वॉर्ड७

ताई, तुमच्या आत्याबद्दल वाचून वाईट वाटलं. पण मी तुमच्याशी सहमत नाही. एकोणीस वर्षं कॅन्सरच्या वॉर्डात काढली आहेत.

एक पेशंट आठवतात. पन्नाशीचे शेतकरी, तोंडातली गाठ, लवकर लक्षात आलेली. ऑपरेशन झालं असतं तर बरे होण्याची चांगली आशा होती. एका नव्या डॉक्टरनं कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या, दोन मिनिटांत सांगून टाकलं, "कॅन्सर आहे, जबडा काढावा लागेल." खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. ते काका बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि संध्याकाळच्या एसटीनं गावी निघून गेले. पाच महिन्यांनी आले तेव्हा आमच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं.

कांटला त्या डॉक्टरमध्ये काय चूक दिसेल? खरं बोलणं हे कर्तव्य, ते त्यानं पार पाडलं. खरं बोलणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात आणि पुढचं सगळं पेशंटच्या वाट्याला येतं. परिणामांकडे पाठ फिरवणाऱ्या नीतीनं वॉर्ड चालत नाही.

कृष्णाकाठ

सिस्टरांना पूर्ण पाठिंबा. आणि हा प्रश्न कांटपाशी सुरू झालेला नाही. महाभारतात कर्णपर्वात कौशिकाची गोष्ट आहे. युधिष्ठिर अर्जुनाला रागाच्या भरात म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्या कुणाला देऊन टाक. अर्जुनाची प्रतिज्ञा अशी की असं म्हणणाऱ्याला मारीन. तो भावावर तलवार उपसतो. तेव्हा कृष्ण त्याला सांगतो: कौशिक नावाचा तपस्वी होता, नेहमी खरंच बोलायचं असं त्याचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीनं काही माणसं जवळच्या रानात लपली. दरोडेखोरांनी विचारलं, कौशिकानं खरं ते सांगितलं, माणसं मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला.

कांटपुढे जवळजवळ हाच प्रश्न ठेवला गेला. फ्रेंच लेखक कॉन्स्टांनं विचारलं, मारेकरी दारात येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारू लागला तर? कांटनं १७९७ मध्ये उत्तर दिलं की तिथेही खोटं बोलायचा अधिकार नाही. म्हणजे कृष्णानं ज्याला नरकात पाठवलं, त्याला कांट निर्दोष सोडतो. शांतिपर्वातलं वचन टिळकांनी गीतारहस्यातही घेतलं आहे, "सत्यादपि हितं वदेत्". सत्यापेक्षाही हिताचं बोलावं. तुमच्या घरातल्यांनी तेच केलं.

सांजवात

@कृष्णाकाठ, गोष्ट मला माहीत आहे आणि कृष्णाचं म्हणणं पटतंही. पण ती इथे लागू होत नाही. दरोडेखोरांचा त्या माहितीवर काही हक्क नव्हता. आत्याच्या पोटातल्या गाठीची माहिती आत्याचीच होती. ज्याची वस्तू त्यालाच न देणं आणि चोराला न देणं, दोन्ही एका तागडीत कशी घालता?

@सिस्टर, त्या काकांची गोष्ट वाचून रात्री झोप लागली नाही. पण तिथे घात सत्यानं केला की दोन मिनिटांच्या घाईनं?

बुडीतक्षेत्र

धागा आजारावर आहे, पण परिणामवादाबद्दल मला बोलायचंच आहे. आमचं मूळ गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली आहे. आजोबांना दूर, दुसऱ्या जिल्ह्यात जमीन मिळाली. कोयनेतल्या लोकांना रत्नागिरी, रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर असं पांगवलं गेलं. डोंगरात नाचणी, वरी आणि भात करणाऱ्या माणसाला काळ्या रानात आणून उभं केलं. त्या मातीला पाणी किती द्यायचं हे समजायला त्यांना सहा वर्षं लागली. राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये आला. आमचं गाव तेव्हा पाण्याखाली जाऊन दशक उलटलं होतं.

कोयनेतून आज १,९६० मेगावॉट वीज होऊ शकते. कारखाने चालले, घरं उजळली. बेंथमच्या तागडीत घाला, आमच्या खोऱ्याचं पारडं वर जाणारच. बेरीज बरोबर आहे, पण परिणामवाद बेरजेपाशी थांबतो. कुणाच्या खात्यातून वजा झालं हे तो विचारत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सनं १९७१ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. समाजाचे नियम असे ठरवा की ते ठरवताना आपण धरणाच्या खाली जन्मणार की वर, हे आपल्याला माहीत नाही. आजोबांना रॉल्स ठाऊक नव्हता. ते म्हणायचे, "ज्यानं रेघ मारली त्याचं घर रेघेच्या अलीकडं होतं."

भातशेत

@बुडीतक्षेत्र, तुमच्या आजोबांचं वाक्य खरं आहे. तरीही मी परिणामवादाच्या बाजूनं उभा राहतो, कारण कुणीतरी राहायला हवं.

मी कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो. लावणीच्या दिवसांत साप चावलेले पेशंट येतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांवर चालणारी एकच लस असते आणि सुरुवातीलाच दहाच्या आसपास बाटल्या लागतात. एका रात्री फ्रिजमध्ये अकरा होत्या आणि तासाभरात दोन पेशंट आले. एकाला घोणस चावलेली, हिरड्यांतून रक्त सुरू. दुसऱ्याचा पाय सुजलेला, पण विष भिनल्याचं एकही लक्षण नाही. निम्म्या निम्म्या बाटल्या वाटल्या असत्या तर पहिला हातचा गेला असता. दहा पहिल्याला लावल्या, दुसऱ्याला निरीक्षणाखाली ठेवून तालुक्याहून बाटल्या मागवल्या. दोघेही वाचले. त्या रात्री "प्रत्येक माणूस हा स्वतःच साध्य आहे" हे कांटचं वाक्य मला काय सांगणार होतं? दोघेही साध्यच होते. मोजावं लागलं.

आणखी एक. ज्यांना कुणी मोजतच नव्हतं त्यांना हिशेबात आणणारे हेच लोक. प्रत्येकाची गणना एक, कुणाचीही एकापेक्षा जास्त नाही, हे तत्त्व बेंथमचा अनुयायी मिल त्याच्या नावावर सांगतो. जनावराला बोलता येतं का हे विचारू नका, त्याला वेदना होतात का ते विचारा, हे बेंथमनं अठराव्या शतकात म्हटलं. कोयनेत चूक मोजण्याची नव्हती, विस्थापितांचं दुःख कमी धरण्याची होती. तागडीत पासंग असेल तर पासंग काढायचा, तागडी कशाला फेकता?

बुडीतक्षेत्र

दोन पेशंटांमध्ये तुम्ही मोजलंत, कारण दोघांनाही जगायचंच होतं, दोघांना एकच हवं होतं. आजोबांना हवं होतं ते ग्रामदैवताचं देऊळ आणि शेजारच्या चार घरांची सोबत. त्याला दर कोण लावणार? पासंग काढलात तरी काही गोष्टी तागडीत चढतच नाहीत. लसीपुरतं तुमचं मान्य.

वर्गशिक्षिका

इतकी चर्चा झाली, पण शीर्षक सोडलं तर अ‍ॅरिस्टॉटलचं नावही निघालं नाही. सगळे विचारताहेत, सांगावं की न सांगावं. त्याचा प्रश्न वेगळा असता, की शहाणा आणि दयाळू माणूस इथे कसा वागेल? कॉरिडॉरमधल्या डॉक्टरकडे सत्य होतं, त्याच्याकडे ते कधी, कुठे, कोणत्या आवाजात सांगायचं याची समज नव्हती. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, राग येणं कुणालाही जमतं. योग्य माणसावर, योग्य वेळी, योग्य इतका राग येणं अवघड. सत्याचंही तसंच आहे. ही समज नियम पाठ करून येत नाही, सवयीनं अंगी येते. १९५८ मध्ये अ‍ॅन्सकम या तत्त्वज्ञ बाईंनी एका निबंधात तेव्हाच्या नीतिशास्त्रावर कडाडून टीका केली आणि सद्गुणांचा विचार पुन्हा सुरू झाला. मला हीच वाट सगळ्यात माणसाजवळची वाटते.

सांजवात

@वर्गशिक्षिका, बाई, तुमचं म्हणणं मोहात पाडतं, म्हणूनच मला त्याची भीती वाटते. सद्गुणांची यादी कोण करतं? आत्या आयुष्यभर "सोशिक" म्हणून नावाजली गेली. वजन घटतंय हे पाहून ती गप्प राहिली, तो तिच्या अंगी बाणवलेला सद्गुणच होता. घरातल्या पुरुषांना सोशिकपणा कुणी कधी शिकवला नाही. ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये बुलढाण्यात बसून हाच प्रश्न विचारला होता, की बाईला एक धर्म आणि पुरुषाला दुसरा का? अ‍ॅरिस्टॉटलनं तर बायका आणि गुलाम यांना कमीच लेखलं. कांट निदान म्हणतो की नियम सगळ्यांना सारखा.

वर्गशिक्षिका

हे खरं आहे आणि मला लागलंही. मी एवढंच म्हणेन की "सोशिकपणा हा गुण नव्हता, लादलेला होता" हे तुम्हाला आज दिसतं, तेही नजर तयार झाल्यामुळेच. नियमानं ते दाखवलं नसतं. पण अशी नजर तयार होईतो चुकीच्या याद्या किती पिढ्यांना छळतात, याला माझ्याकडे उत्तर नाही.

कृष्णाकाठ

सांजवात, राग मानू नका, एक प्रश्न विचारतो. आत्यांनीही तुमच्यापासून लपवलं. "बरं वाटतंय" म्हणाल्या, वाटत नसताना. कांटच्या नियमानं त्याही दोषी ठरतात. तुम्हाला चालेल?

सांजवात

दोन दिवस या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही.

नाही चालणार. तिला दोषी म्हणणारा नियम मला नको. कांट म्हणेल, दोघांनी एकमेकांना फसवलं, दोघांची चूक सारखी. पण आम्ही दहाजण होतो, आमच्याकडे फाइल होती, डॉक्टर होते, एकमेकांच्या गळ्यात पडून रडायची सोय होती. तिच्याकडे पेन्सिल होती. मरणाऱ्या बाईचं खोटं आणि धडधाकट माणसांचं खोटं सारखं नसतं, हे कांटच्या चौकटीत मांडताच येत नाही. मानसशास्त्रज्ञ कॅरॉल गिलिगन यांनी १९८२ मध्ये लिहिलं, की बायका बऱ्याचदा नियमाआधी नातं बघतात आणि ते कमी प्रतीचं समजलं जातं. आत्या तेच करत होती. म्हणून कांटकडून मी फक्त एवढंच घेते, की तिच्या आयुष्याबद्दलचा निर्णय तिच्या हातात हवा होता. बाकी कांट ठेवून देते.

सिस्टर_वॉर्ड७

आता मीही थोडं सरकते. अमेरिकेत १९६१ मध्ये डॉक्टरांची पाहणी झाली तेव्हा ९० टक्के म्हणाले, कॅन्सर असल्याचं पेशंटला सांगू नये. १९७९ मध्ये तेच विचारलं तर ९७ टक्के म्हणाले, सांगावं. म्हणजे लपवणं ही काही फक्त आपली संस्कृती नव्हे, तिथेही एका पिढीत बदललं. २००० मध्ये तिकडच्या डॉक्टरांनी वाईट बातमी सांगायची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. त्यातली एक पायरी मला फार मोलाची वाटते. आधी पेशंटलाच विचारायचं, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? काहीजण म्हणतात, सगळं सांगा. काही म्हणतात, मला नको, मुलाला सांगा. तेही त्यांचंच उत्तर झालं.

आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं आपल्या शेवटच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवायचा हक्क मान्य केला. स्वतःचा आजारच माहीत नसेल तर माणूस तो डोळ्यांपुढे ठेवून हे कसं लिहिणार, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरीसुद्धा लादलेलं सत्य मला आजही चालत नाही. तिथे मी हटत नाही.

पहिल्यांदाच_लिहितेय

गेले तीन दिवस फक्त वाचत होते. उद्या आईचा बायोप्सीचा रिपोर्ट मिळणार आहे. भाऊ म्हणतोय, तू आणि मी जाऊन आणू, तिला नको. आईनं आज भाजी निवडता निवडता विचारलं, "उद्या किती वाजता जायचंय आपल्याला?" आपल्याला, असं म्हणाली. मी "बघू" म्हणून उठून गेले.

सिस्टर_वॉर्ड७

तिला घेऊन जा. भावाशी आज रात्रीच बोला, सकाळी दारात भांडण नको. पाकीट घरी फोडू नका, डॉक्टरांसमोर उघडा आणि आईला खुर्चीवर बसवा, तुम्ही दोघं उभी राहिलात तरी चालेल. डॉक्टरांनी काही बोलायच्या आधी तुम्हीच तिला विचारा, "आई, सगळं तू ऐकतेस की आधी आम्ही ऐकू?" मग ती जे म्हणेल ते. पाण्याची बाटली बरोबर ठेवा, तिथलं कूलर बऱ्याचदा बंद असतं.