३४ अँपिअरच्या जागी ६५चा अल्टरनेटर: बसतोय, पण सरळ बसत नाही

मंडळी, मदत हवी आहे.

गाडी १९७२ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. अल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनित्र) मूळचाच, लुकास १६एसीआर, म्हणजे ३४ अँपिअर, आणि तेही तो मिनिटाला सहा हजार फेऱ्यांना पोचल्यावर. इलेक्ट्रिक पंखा आणि ५५/६० वॅटचे हॅलोजन लावल्यापासून हिशेब जुळेना. अँपिअरमध्ये: हेडलाइट १०, पंखा १० ते १२, इग्निशन ४, वायपर ३-४, वर ब्लोअर आणि मागचे-पुढचे बारके दिवे. बेरीज पस्तिशीच्या पुढे जाते. रात्री सिग्नलला थांबलो की हेडलाइट पिवळे पडतात आणि इंडिकेटर आळसावतो. सीटमागच्या बॅटऱ्यांवर (हो, अजून ६ व्होल्टच्या दोन आहेत, हसू नका) तेव्हा १२.१ व्होल्ट दिसतात. रेस दिली की १३.८.

म्हणून ए१२७ जातीचा ६५ अँपिअरचा वापरलेला अल्टरनेटर आणला. त्याची मूळची पुली बारीक खाचांच्या सपाट पट्ट्याची होती, ती काढून व्ही-बेल्टची बसवली. आता अडचण अशी: पुढचा कान (बोल्ट जातो तो भाग) ब्रॅकेटला नीट टेकतो, पण मागच्या कानाशी ५ मिमी फट राहते. आणि पुली क्रँकच्या पुलीपेक्षा ३ मिमी पुढे येते. बोल्ट आवळला तर फट बंद होईल असं वाटतं. आवळू का?

दुसरं, अल्टरनेटरकडून बॅटरीकडे जाणारी जुनी तपकिरी वायर चालेल का?

प्रतिसाद १

आवळू नका! कान अ‍ॅल्युमिनियमचा आहे. आज नाही तडकला तर महिनाभराच्या थरथरीने तडकेल. ५ मिमीचा पोलादी बुश (कडं) करून फट भरा, मग आवळा. पण त्याआधी पुली. क्रँक आणि पाण्याच्या पंपाच्या पुलीवर सरळ पट्टी धरून बघा. ३ मिमीचा तिरकेपणा एवढ्याशा अंतरात पट्टा खातो. पुलीमागच्या स्पेसरमधून ३ मिमी लेथवर काढता आले तर सगळं एका रेषेत येईल. फक्त नंतर अल्टरनेटरच्या पुलीमागच्या पंख्याची पाती त्याच्या बॉडीला घासत नाहीत ना, ते हाताने फिरवून पाहा. आतल्या पत्र्यापासूनही बोटभर जागा हवी, इंजिन रबरावर हलतं.

प्रतिसाद २

वायर बदलाच. जुनी ३४च्या हिशेबाने ओढलेली आहे. १० चौरस मिमीची नवी वायर थेट स्टार्टर सोलेनॉइडच्या बॅटरीच्या बोल्टवर न्या, मध्ये ८० अँपिअरचा फ्यूज. सगळे लोड चालू करून अल्टरनेटरच्या बी प्लसपासून (करंट बाहेर पडतो तो बोल्ट) त्या बोल्टपर्यंत किती व्होल्ट पडतात ते मोजा. पाव व्होल्टच्या वर गेले तर कुठेतरी सांधा कच्चा आहे.

आणि एक अपेक्षा कमी करा. ८०० आयडलिंगला, पुली दुपटीच्या प्रमाणात धरली, तर अल्टरनेटर जेमतेम १६०० फेऱ्या घेतो. तिथे ६५ अँपिअर मिळणार नाहीत, निम्मे मिळाले तरी पुष्कळ. लहान पुली लावण्याचा मोह होईल, पण तिला पट्ट्याचा विळखा कमी पडतो. पूर्ण लोडला हा गडी पट्ट्याकडून दोन अश्वशक्तीच्या वर मागतो, तिथे घसरला की किंचाळतो.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. स्पेसर उद्या लेथवाल्याकडे देतो, बुशही त्याच्याकडूनच. वायरचं पटलं.

जाता जाता एक शंका. जुन्या अल्टरनेटरवरही हल्ली गाडी सुरू केल्यावर एकदा जोरात रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही. गेल्या वर्षी मी पॅनेलवरच्या चार्जिंगच्या दिव्यात एलईडी घातलाय. त्याचा काही संबंध?

प्रतिसाद २

आहे. त्या बल्बमधूनच रोटरला (अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या चुंबकाला) पहिला करंट मिळतो. एलईडी काढा, २.२ वॅटचा साधा बल्ब घाला. आजच.