मदत हवी आहे : रॉड १५०० वॉटचा, मग मीटरवर साडेचारच अँपिअर का?

मंडळी, माझं विजेचं ज्ञान दहावीपुरतं आणि त्यालाही वीस वर्षं झाली. सोप्या भाषेत सांगा.

घरात पाणी तापवायचा रॉड आहे. त्यावर २३० व्होल्ट, १५०० वॉट असं छापलंय. रब्बीच्या मोटारी सुरू झाल्या की गावात व्होल्टेज पडतं, ते दरवर्षीचंच. पण अर्ध्या तासात तापणारी वीस लिटरची बादली यंदा पुरता तास खातेय. लेक दहावीला आहे. ती म्हणाली, शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा, तेव्हा व्होल्ट कमी झाले की अँपिअर वाढणारच. वहीत १५०० ला १५८ ने भागून साडेनऊ अँपिअर काढून मोकळी झाली.

मग दिरांकडून क्लॅम्प मीटर मागून आणला. मी आधी रॉडची अख्खी वायरच चिमट्यात धरली, तर शून्य! भावजी हसायला लागले. दोन्ही तारा एकत्र धरल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकाला खाऊन टाकतो म्हणे. त्यांनी एकच तार चिमट्यात घेतली तेव्हा ४.५ अँपिअर दिसले. त्याच वेळी बोर्डावरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये १५८ व्होल्ट होते.

लेकीचं कुठे चुकलं? शेतातल्या मोटारीचं तर तिच्या गणितासारखंच असतं. व्होल्ट उतरले की स्टार्टरच्या पेटीवरचा अँपिअरचा काटा चढतो, त्यापायी दोनदा मोटार भरून आणलीय. रॉडचा रोध किती धरायचा? आणि वेळ दुप्पट लागतो म्हणजे बिलही दुप्पट का?

फळा_खडू : ताई, लेकीचं सूत्र बरोबर आहे. तिने १५०० हा आकडा कायम धरला, तिथे घोळ झाला. १५०० वॉट हे २३० व्होल्ट मिळाले तरच. रॉडमध्ये कायम राहतो तो रोध.

तुमच्याच आकड्यांवरून काढू. १५८ भागिले ४.५ म्हणजे ३५.१ ओहम. आता छापलेल्या आकड्यांवरून : २३० चा वर्ग ५२९००, भागिले १५००, म्हणजे ३५.३ ओहम. दोन्ही जुळतात, तेव्हा रॉडही ठीक आणि मीटरही. आत्ताची शक्ती १५८ गुणिले ४.५, म्हणजे ७११ वॉट. व्होल्टेज तिसऱ्या हिश्श्याने पडलं, शक्ती निम्म्याहून खाली गेली, कारण व्होल्ट कमी झाले की त्याच रोधातून अँपिअरही कमी होतात आणि गुणाकाराला दोन्हीकडून फटका बसतो.

बिल दुप्पट येणार नाही. वीस लिटर पाणी १८ अंशांवरून ४५ वर न्यायला साधारण ०.६३ युनिट लागतं, मग ते २५ मिनिटांत द्या नाहीतर ५३ मिनिटांत. जास्त वेळात बादली बाहेर थोडी उष्णता सोडते, तेवढंच वरचं.

विहिरीकाठी : मोटारीचं मी सांगतो. मोटारीला पाण्याचं ओझं तेवढंच उचलायचं असतं आणि फेरेही जवळपास तेवढेच ठेवायचे असतात. व्होल्ट कमी मिळाले की ती अँपिअर ओढून भरपाई करते, वाइंडिंग तापतं आणि जळतं. रॉडच्या अंगावर असं कुठलंच ओझं नाही, मिळेल तेवढ्यावर तो तापतो. म्हणून मोटारीला व्होल्ट भागिले अँपिअर करून वाइंडिंगचा रोध काढायला जाऊ नका, भलताच आकडा येईल.

उगाच_शंका : जरा अवांतर. मी शंभर वॉटचा जुना बल्ब मल्टिमीटरने मोजला तर ४० ओहमच्या आसपास आला. सूत्राने ५२९ यायला हवा ना?

फळा_खडू : तुम्ही गार बल्ब मोजलात. टंगस्टनची तार पेटल्यावर रोध दहापटीहून जास्त वाढतो. रॉडमधल्या नायक्रोमचा फारसा हलत नाही, म्हणून ताईंचा हिशेब इतका नीट जुळला.

तारवाला_काका : ताई, गणित झालं, आता माझं ऐका. रॉड चालू असताना मेन स्विचपाशी किती व्होल्ट येतात ते भावजींना मोजायला सांगा. तुम्ही हात घालू नका.

(मूळ प्रश्नकर्ती) : काका, मोजलं. तिथे १७१ आले.

तारवाला_काका : म्हणजे १३ व्होल्ट घरातल्या घरात गायब. १३ भागिले ४.५, जवळजवळ २.९ ओहम. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची तार पंधरा मीटर जाऊन परत येते, तिचा रोध अर्धा ओहमसुद्धा होत नाही. मग उरलेला रोध कुठल्यातरी सैल जोडात आहे. आता १३ गुणिले ४.५ करा : ५८ वॉट. जुन्या साठच्या बल्बाएवढी उष्णता भिंतीतल्या एखाद्या स्क्रूपाशी निघतेय. ती मीटरच्या अलीकडे, म्हणजे त्याचंही बिल तुम्हीच भरताय. एमसीबी पडायची वाट बघू नका, साडेचार अँपिअरला ती पडत नसते. शेजारच्या सॉकेटलाही व्होल्ट कमीच आले, म्हणजे दोष दोन्ही सॉकेटच्या मागे, बोर्डाच्या येणाऱ्या तारेत धरा. आजपासून रॉड बंद. मेन पाडून वायरमनकडून बोर्ड उघडून घ्या.

(मूळ प्रश्नकर्ती) : वायरमन येऊन गेला. न्यूट्रलचा स्क्रू बोटाने फिरत होता. त्यामागचं प्लॅस्टिक चहासारखं तपकिरी झालेलं, आणि तारेचं काळं आवरण वाकवलं तर कडकन तुटलं. बोर्डाला हात लावला की कोमट लागायचं, आम्ही म्हणायचो रॉडची वाफ लागत असेल.

तार कापून नवा बोर्ड बसवला. आता मेनपाशी १७० आणि सॉकेटला १६८ व्होल्ट, धारा ४.८ अँपिअर. लेकीने स्वतः रोध काढला, ३५ ओहम, आणि शक्ती ८०६ वॉट. बादलीला पन्नासेक मिनिटं लागतात. गावाकडून येणाऱ्या १७० चं काय करायचं, त्याचा वेगळा धागा काढते.