पेट्रोलच्या शंभरीनंतर : रोजच्या जाण्यायेण्यात खरी बचत नेमकी कुठे होते?

फुलेवाडीकर यांचा प्रश्न :

मंडळींना नमस्कार. मी कोल्हापुरात फुलेवाडीत राहतो आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. कारखाना घरापासून एका बाजूने साधारण पंधरा किलोमीटर पडतो. कामावर मी दुचाकीने जातो. घरात एक लहान चारचाकीही आहे, ती मुलाच्या क्लाससाठी आणि इतर घरगुती कामांसाठी वापरली जाते.

२०२१ साली पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा हे चार दिवसांचे संकट आहे, असे समजून आम्ही चालत राहिलो. पुढच्या वर्षी मे महिन्यात केंद्राने अबकारी कर उतरवला, जुलैमध्ये राज्याने मूल्यवर्धित करात पेट्रोलवर लिटरमागे ५ रुपयांची कपात केली, तरी आकडा काही शंभराच्या खाली आला नाही, आणि तो येईल या आशेवर घरखर्चाचा मेळ बसवण्यात अर्थ नाही हे आता मला पटले आहे. गेल्या महिन्यात दोन्ही गाड्यांचे मिळून सुमारे ६,६०० रुपये पंपावर गेले.

कारखान्यात सल्ले भरपूर मिळतात. कोणी म्हणतो सीमेपलीकडे कर्नाटकात कोगनोळीला जाऊन टाकी भर, कोणी म्हणतो पहाटे गार वेळेत पेट्रोल घे, तेव्हा ते दाट असल्याने जास्त मिळते, कोणी मापात फसू नये म्हणून शंभराऐवजी एकशे दहा रुपयांचे घ्यायला सांगतो, तर एकजण जोतिबाचा डोंगर उतरताना इंजिन बंद करतो आणि ते अभिमानाने सांगतो. यातले खरे किती, आणि माझ्यासारख्याने आधी कोणती सवय बदलावी?

उद्यमनगरचा मिस्त्री यांचे उत्तर :

फुलेवाडीकर, शिवाजी उद्यमनगरात मी बरीच वर्षे गॅरेज चालवले, त्यामुळे हे सगळे सल्ले माझ्या ओळखीचे आहेत. जोतिबाचे आधी सांगतो, कारण तिथे पैशापेक्षा जिवाचा प्रश्न आहे. चारचाकीचे इंजिन बंद केले की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंतच टिकते, मग पेडल दगडासारखे होते, आणि स्टिअरिंगही जड होते. शिवाय त्यात बचत म्हणावी अशी नाही. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंधनाचा पुरवठा गाडी आपणहून तोडते, उलट न्यूट्रल केले तर इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जळतच राहते. तुमच्या मित्राला हे समजावून सांगा, आणि त्याने ऐकले नाही तर त्याच्या गाडीत बसू नका.

कोगनोळीचा हिशेब कागदावर मांडून बघा. दोन राज्यांतला फरक लिटरमागे २ रुपये धरला, तर ३० लिटरला ६० रुपये वाचतील. कारखान्यापासून जाऊन-येऊन ३० किलोमीटर धरले आणि चारचाकी लिटरला १५ देते असे मानले, तर तेवढ्यासाठी २ लिटर, म्हणजे २०० रुपयांहून जास्त जाळावे लागतील. दुचाकीच्या ५ लिटरच्या टाकीत तर १०च रुपये वाचतात. ज्याची वाट मुळातच तिकडून आहे, त्याने जरूर भरावे.

पहाटेच्या गारव्याचेही तसेच आहे. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथले तापमान सकाळ-दुपार फारसे हलत नाही. १६ जून २०१७ पासून दर रोज सकाळी ६ वाजता बदलू शकतो, एवढाच काय तो पहाटेचा संबंध. एकशे दहाच्या आकड्यात काहीही तथ्य नाही. मापाबद्दल शंका असेल तर पंपावर ५ लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते, ते मागून आपल्यासमोर मोजून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. मागणारा मात्र क्वचितच दिसतो.

आता गाडीकडे वळू. टाकी पूर्ण भरा, किलोमीटरचा आकडा लिहा, आठ-दहा दिवस नेहमीसारखी चालवा, पुन्हा त्याच पंपावर तितकीच भरा आणि भागाकार करा. पडद्यावर दिसणाऱ्या सरासरीवर विसंबू नका. माझ्याकडे एक गृहस्थ लिटरला ३४ चा आकडा पडतो म्हणून स्कूटर घेऊन आले होते, आणि दोन ठिकाणी इंजिनचे काम करून त्यांचे समाधान झालेले नव्हते. मी गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि मागचे चाक हाताने फिरवले, तर ते अर्ध्या फेऱ्यातच थांबले. मागच्या ड्रम ब्रेकचा नट इतका आवळलेला होता की ब्रेक न दाबताही लायनर घासत होते, आणि ड्रमला हात लावला तर चटका बसत होता. नट थोडा सैल करून चाक मोकळे फिरू लागल्यावर पुढच्या टाकीला आकडा ४३ वर गेला. तुमच्या दुचाकीचे चाक आज रात्री फिरवून पाहा. हवेचा दाब महिन्यातून दोनदा, टायर गार असताना तपासा. चारचाकीत किती हवा हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेले असते, पंपावरच्या पोराच्या अंदाजाने भरू नका.

चालवण्यात मुख्य गोष्ट एकच, ब्रेक कमी लागेल असे चालवणे. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागे आपण अडकतो, तेव्हा लोक सारखे पुढे घुसतात, ब्रेक मारतात, पुन्हा वेग घेतात, आणि त्या प्रत्येक ब्रेकबरोबर जाळलेले पेट्रोल वाया जाते. अंतर ठेवून, वरच्या गिअरमध्ये, दम धरून मागे राहिलात तर फरक मोजता येईल इतका पडतो. फुलेवाडी रिंग रोडने कळंब्यावरून जाणे तुम्हाला लांब वाटत असेल, पण सिग्नलचे थांबे वाचत असतील तर दोन्ही वाटा एकेक आठवडा मोजून ठरवा.

जाता जाता पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलबद्दल. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांची मळी त्यात जाते, त्यामुळे तक्रार करायला जीभ रेटत नाही, परंतु इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच, २० टक्के मिश्रणासाठी न बनवलेल्या जुन्या चारचाकींच्या कार्यक्षमतेत ६ ते ७ टक्के आणि तशा दुचाकींच्या ३ ते ४ टक्के घट होईल, असा अंदाज दिला होता. तेव्हा एवढी घट आढळली तर इंजिन खोलायला देऊ नका.

कागलच्या बाई यांचे उत्तर :

मिस्त्रीकाकांचे सगळे मान्य आहे, तरीही मला वाटते की तुम्ही सर्वजण लिटरला किती हेच मोजत आहात आणि गाडी बाहेर काढलीच कशाला, हे कोणी विचारत नाही. मी कोल्हापूरहून कागलला शाळेत शिकवायला जाते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाले आणि मी स्कूटर घरी ठेवली. सकाळची गाडी चुकू नये म्हणून दहा मिनिटे लवकर उठावे लागते, आणि ती माझ्या आळसाने दोनदा चुकलीही, पण वह्या तपासायला वाटेतला वेळ मिळाला.

दादा, एक लहान वही चारचाकीत ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाने किल्ली घेताना तारीख, किलोमीटर आणि कारण लिहावे असा नियम करा. आमच्या वहीत पहिल्याच आठवड्यात कोथिंबिरीसाठी कपिलतीर्थ मार्केटला स्वतंत्र फेरी निघाली, आणि यजमानांच्या नावावर ‘गंगावेश, दूध’ अशा चार नोंदी आल्या. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरचे धारोष्ण दूध कोल्हापूरकराने सोडावे असे मी म्हणणार नाही, पण एका पेल्यासाठी सहा किलोमीटर चारचाकी फिरवायची हे अति झाले. इंजिन गार असताना ते पेट्रोल जास्त पिते, म्हणून अशा आखूड फेऱ्याच सर्वांत महाग पडतात.

विजेवरचा यांचे उत्तर :

तुमच्या अंतराला विजेवरची स्कूटर बसते. माझा अनुभव १०० किलोमीटरला साधारण ३ युनिटचा आहे. तुमचे कामावरचे महिन्याचे ७५० किलोमीटर धरले तर २२-२३ युनिट वाढतील. मात्र घरचा वापर १०० किंवा ३०० युनिटच्या सीमेवर असेल तर वाढीव युनिट वरच्या दराने लागतात, ते बिल काढून आधी पाहा. चालती दुचाकी विकून नवीन घेण्याची घाई मी तुमच्या जागी करणार नाही, कारण तुमचा जास्त खर्च चारचाकीवर दिसतो.

फुलेवाडीकर यांचे उत्तर :

महिनाभर वही ठेवली, म्हणून उशिरा लिहीत आहे. दुचाकीचे चाक मोकळे फिरत होते, हवा मात्र दोन्ही चाकांत कमी निघाली. बाईंचा नेम अचूक लागला. चारचाकी महिन्याला सुमारे ५२० किलोमीटर चालते, असा हिशेब निघाला, आणि त्यांतले ३६० किलोमीटर एकट्या राजारामपुरीच्या क्लासचे. सोडायला जाणे-येणे, आणायला जाणे-येणे, अशा सहा-सहा किलोमीटरच्या चार खेपा, महिन्यातले पंधरा दिवस. त्यातही आणायला गेल्यावर वीस मिनिटे एसी चालू ठेवून मी गाडीत बसत होतो, हे वहीत लिहिताना माझे मलाच ओशाळायला झाले.

आमच्याच गल्लीतला एक मुलगा त्याच क्लासला जातो, हे दोन वर्षांत आम्हा दोघा बापांना माहीत नव्हते. आता एक दिवस त्यांची गाडी, एक दिवस माझी. या महिन्यात दोन्ही गाड्यांचे मिळून ४,९०० रुपये झाले. कोगनोळीला गेलो नाही. जोतिबाच्या मित्राला मिस्त्रीकाकांचा मजकूर वाचून दाखवला, त्याने मान डोलावली, पण खरे काय ते चैत्र यात्रेला कळेल. ‘गंगावेश, दूध’ ही नोंद आमच्याही वहीत तीनदा आहे, आणि त्यावर घरात अद्याप चर्चा चालू आहे.