मदत हवी आहे: निधन झालेल्या गिरणी कामगारांच्या मुलाखती, संमती कोणाची घ्यावी?

सोलापुरातल्या गिरणी कामगारांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती आमच्या न्यासाच्या छोट्या संग्रहालयात ऐकवायच्या आहेत. जुन्या संमतिपत्रात फक्त 'ध्वनिमुद्रण व जतन' आहे. हयात कामगारांसाठी मराठी आणि तेलुगूत नवा फॉर्म केला: ऐकवणं, छापणं, इंटरनेटवर टाकणं यांना वेगळ्या सह्या, परवानगी मागे घेण्याची सोयही. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारे कामगार बरेच, तिथे तेलुगू फॉर्म हवाच. न समजता केलेली सही म्हणजे संमती नव्हे.

अडचण निधन झालेल्यांची. वकील म्हणतात, सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. पण मुलं पुणे, भिवंडीला विखुरलीत. शिवाय मुलाखतींत कर्ज, संप आणि शेजाऱ्यांची नावं येतात. सीएसआर निधी (कंपन्या सामाजिक कामांसाठी देतात तो) असल्याने कागद पक्के लागतील. इंटरनेटवर न टाकता फक्त दालनात ऐकवायचं असेल, तर एका वारसाची सही आणि बाकीच्यांना लेखी सूचना एवढ्यावर कुणी काम केलंय का, आणि त्या पत्रातला मजकूर काय होता?